देवाचा आवाज की मनाचा हट्ट? पोप आणि सम्राटालाही सुनावणाऱ्या हिल्डेगार्ड यांची गोष्ट

साल ११५१. जर्मनीत ऱ्हाईन नदीकाठच्या एका मठातून माइन्झच्या आर्चबिशपना पत्र गेलं. मठातल्या एका तरुण ननला दुसऱ्या मठाची प्रमुख म्हणून जाऊ द्या, असा आर्चबिशपनी हुकूम काढला होता. मठाच्या प्रमुख बाईंनी उलट कळवलं की हा हुकूम देवाला मान्य नाही. बरं, हे त्यांनी स्वतःचं मत म्हणून लिहिलं नव्हतं. पत्रात देवच बोलत होता.

या बाई म्हणजे बिंगेनच्या हिल्डेगार्ड. आज इंटरनेटवर त्यांचं नाव टाकलं तर औषधी वनस्पती, आहाराचे सल्ले आणि त्यांची गाणी आधी सापडतात. पण त्यांच्या काळात त्या संदेष्ट्या म्हणून प्रसिद्ध होत्या. आणि या पत्राच्या वेळी त्यांचं चुकलं होतं, असं मानायला बरीच जागा आहे.

संदेष्टा म्हणजे ज्योतिषी नव्हे

आपल्याकडे भविष्यवाणी म्हटलं की पुढे काय होणार, हे सांगणं डोळ्यासमोर येतं. ख्रिस्ती परंपरेत मात्र संदेष्ट्याचं मुख्य काम देवाचा निरोप पोचवण्याचं. मराठी बायबलमध्ये वापरलेला संदेष्टा हा शब्द म्हणूनच नेमका आहे.

आता निरोप देवाचा की सांगणाऱ्याच्या डोक्यातला, हे कसं ओळखायचं? हा प्रश्न पहिल्या शतकातल्या ख्रिस्ती मंडळींनाही पडला होता. संत पौलाने आपल्या पत्रांत त्याचं उत्तर दिलंय. असे संदेश धुडकावू नका, पण प्रत्येक गोष्ट पारखून घ्या. आणि सांगणाऱ्याच्या मनात प्रेम नसेल तर कितीही मोठा संदेश फुकट. म्हणजे एकीकडे पूर्ण शरणागती, दुसरीकडे विवेक, आणि दोन्हींना प्रेमाची अट. ऐकायला सोपं वाटतं. हिल्डेगार्ड यांना त्यासाठी आख्खं आयुष्य लागलं.

४२ वर्षं गप्प

हिल्डेगार्ड यांचा जन्म १०९८चा, एका सरदार घराण्यातला. परंपरेनुसार त्या दहावं अपत्य. लहानपणीच त्यांना देवाला वाहण्यात आलं. १११२मध्ये डिसिबोडेनबर्गच्या मठात युटा नावाच्या तपस्विनीसोबत त्या राहू लागल्या. जागा म्हणजे पुरुषांच्या मठाला लागून असलेली बंदिस्त खोली. बाहेरच्या जगाशी संबंध जवळपास संपला.

लहानपणापासून त्यांना एक प्रकाश आणि त्यात चित्रं दिसायची. झोपेत नाही, बेशुद्धीत नाही, उघड्या डोळ्यांनी आणि शुद्धीवर असताना, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. इतरांना हे दिसत नाही, हे कळल्यावर त्या गप्प बसल्या. (विसाव्या शतकात काही अभ्यासकांनी हे मायग्रेनचं लक्षण असावं, असं म्हटलं. प्रसिद्ध न्यूरॉलॉजिस्ट ऑलिव्हर सॅक्स त्यांपैकी एक. असेलही. पण डोकं दुखणाऱ्या सगळ्यांच्या हातून अशी पुस्तकं होत नाहीत.)

११३६मध्ये युटा वारल्या आणि तिथल्या ननची जबाबदारी हिल्डेगार्ड यांच्याकडे आली. ११४१मध्ये, वयाच्या ४३व्या वर्षी, जे दिसतं ते लिही अशी आज्ञा आपल्याला झाली, असं त्या सांगतात. त्यांनी आधी नकार दिला आणि अंथरूण धरलं. शेवटी फोल्मार नावाच्या भिक्षूच्या मदतीने लिहायला सुरुवात केली. लिखाणात साथ देणारी आणखी एक व्यक्ती होती. रिकार्डिस नावाची तरुण नन. हे नाव लक्षात ठेवा.

पुस्तकाचं नाव स्किव्हियास. ते पूर्ण व्हायला सुमारे १० वर्षं लागली. मधल्या काळात हिल्डेगार्ड यांनी स्वतःच तपासणी मागून घेतली, ही मला त्यांच्या आयुष्यातली फार मोठी गोष्ट वाटते. त्यांनी त्या काळचे सगळ्यात वजनदार धर्मगुरू, क्लेर्व्होचे बर्नार्ड यांना पत्र लिहून सल्ला विचारला. प्रकरण पोप यूजीन तिसरे यांच्यापर्यंत गेलं. ११४७-४८च्या ट्रियरच्या धर्मसभेच्या वेळी पोपनी माणसं पाठवून चौकशी केली, लिखाण वाचून घेतलं आणि हिल्डेगार्ड यांना पुढे लिहायला सांगितलं, अशी नोंद त्यांच्या चरित्रात आहे.

रिकार्डिसचं जाणं

मान्यता मिळाली तशी ताकदही आली. हिल्डेगार्ड यांना नन्सचा वेगळा मठ हवा होता. डिसिबोडेनबर्गचे प्रमुख कुनो तयार होईनात. नन्समुळे मठाला येणारा पैसा आणि नाव दोन्ही जाणार होतं. हिल्डेगार्ड पुन्हा अंथरुणाला खिळल्या. रिकार्डिसच्या आईने, त्या मोठ्या सरदार घराण्यातल्या, आर्चबिशपकडे शब्द टाकला आणि परवानगी मिळाली. ११५०च्या सुमारास सगळ्याजणी बिंगेनजवळ रुपर्ट्सबर्गला गेल्या. तिथे धड निवाराही नव्हता. काही नन्स वैतागून निघून गेल्या.

आणि वर्षभरातच रिकार्डिसची निवड दूरच्या बासुमच्या मठाची प्रमुख म्हणून झाली. तिचा भाऊ हार्टविग ब्रेमेनचा आर्चबिशप होता आणि बासुम त्याच भागात. घराण्याचं वजन वापरलं गेलं हे उघड आहे. हिल्डेगार्ड यांचा आक्षेपही तोच होता की ही पदं पैशाने आणि वशिल्याने वाटली जातात. आक्षेप खोटा नव्हता.

पण त्यांचं दुःख वेगळंच होतं. रिकार्डिस त्यांना मुलीसारखी होती. त्यांनी तिच्या आईला लिहिलं, भावाला लिहिलं, आर्चबिशपना वर सांगितलेलं ते जळजळीत पत्र लिहिलं. शेवटी पोपकडे गेल्या. पोपनी निर्णय पुन्हा माइन्झच्याच आर्चबिशपवर सोपवला. रिकार्डिस गेली.

मग हिल्डेगार्ड यांनी थेट रिकार्डिसला एक पत्र लिहिलं, आणि तिथे सूर पूर्ण बदललाय. त्यात देवाच्या नावाने दिलेला हुकूम नाही. एक आई रडते आहे. आपण एका माणसावर नको इतका जीव लावला, देवावर ठेवायचा भार माणसावर ठेवला, असं त्या त्यात कबूल करतात. आदल्या पत्रांत देवाचा आवाज म्हणून जे उमटलं त्यात स्वतःचा किती होता, हे त्यांना कुठेतरी उमगलं असावं, असं हे पत्र वाचून वाटतं.

२९ ऑक्टोबर ११५२ला रिकार्डिस वारली. तरुण वयात. हार्टविगने हिल्डेगार्ड यांना कळवलं की ती जुन्या मठासाठी रडत होती, मरण आडवं आलं नसतं तर परत आली असती. हिल्डेगार्ड यांनी उत्तरात त्याला माफ करून टाकलं.

पुरलेल्या माणसाचा प्रश्न

पुढची २५ वर्षं धावपळीची. सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने पोपविरुद्ध आपला पोप उभा केला तेव्हा हिल्डेगार्ड यांनी त्याला पत्रातून फटकारलं. गंमत म्हणजे ११६३मध्ये याच सम्राटाने त्यांच्या मठाला संरक्षणाची सनद दिली होती. ११६५च्या सुमारास त्यांनी नदीपलीकडे आयबिंगेनला दुसरा मठ उभारला. साठी ओलांडल्यावर त्या प्रवास करून जाहीर प्रवचनं देत होत्या. त्या काळात बाईने असं करणं जवळपास अशक्य मानलं जाई.

११७८मध्ये, वयाच्या ८०व्या वर्षी, शेवटची कसोटी आली. रुपर्ट्सबर्गच्या दफनभूमीत एका सरदाराला पुरलं होतं. त्याला पूर्वी धर्माबाहेर काढलेलं होतं. माइन्झच्या धर्माधिकाऱ्यांनी आदेश दिला: प्रेत उकरून बाहेर टाका, नाहीतर मठात मिस्सा बंद, प्रार्थना गाणं बंद.

हिल्डेगार्ड यांचं म्हणणं होतं की तो माणूस मरण्याआधी चर्चशी समेट करून, शेवटचे संस्कार घेऊन गेला. त्याला उकरणं पाप ठरेल. कबर ओळखू येऊ नये म्हणून त्यांनी वरच्या खुणा पुसून टाकल्या, असं सांगतात.

पण यावेळी त्या आर्चबिशपचा हुकूम रद्दबातल म्हणत बसल्या नाहीत. प्रेत उकरलं नाही, आणि शिक्षा मात्र पूर्ण पाळली. मठ मुका झाला. ७०हून जास्त गीतं रचणाऱ्या बाईंसाठी ही शिक्षा केवढी मोठी, विचार करा. त्यांनी पत्रं लिहिली, साक्षीदार उभे केले, देवाची स्तुती बंद पाडणाऱ्यांना त्याचा जाब द्यावा लागेल असा इशाराही दिला. आपल्या सोबतच्या नन्सना कम्युनियनही मिळत नाही, याची कळकळ त्या पत्रांत आहे.

आर्चबिशप तेव्हा इटलीत होते. साक्षी त्यांच्यापर्यंत पोचल्यावर मार्च ११७९मध्ये बंदी उठली आणि गाणं पुन्हा सुरू झालं. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला हिल्डेगार्ड यांचं निधन झालं.

चर्चने त्यांना अधिकृतपणे संत म्हणून सगळीकडे मान्यता दिली ती थेट मे २०१२मध्ये, पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या काळात. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांना डॉक्टर ऑफ द चर्च हा किताब मिळाला. हा मान मिळालेल्या त्या चौथ्या स्त्री. रुपर्ट्सबर्गचा मठ मात्र १६३२मध्ये तीस वर्षांच्या युद्धात स्वीडिश सैन्याने उद्ध्वस्त केला. त्यांचे अवशेष आज नदीपलीकडे आयबिंगेनच्या चर्चमध्ये आहेत.