एव्हरेस्ट सगळ्यांना माहितीये, पण ती मोजणी सुरू करणारे लॅम्बटन हिंगणघाटला गेले

जगातल्या सगळ्यात उंच शिखराचं नाव एव्हरेस्ट. पण ज्या मोजणीतून पुढे त्याची उंची ठरली, ती सुरू केली विल्यम लॅम्बटन यांनी. त्यांचा शेवट झाला अमरावतीला लागून असलेल्या वर्धा जिल्ह्यात.

यॉर्कशायरचे लॅम्बटन ब्रिटिश लष्करात होते. १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या लढाईनंतर त्यांनी दक्षिण भारत मोजायचा प्रस्ताव मांडला. सरकारला नकाशे हवे होते, लॅम्बटन यांना पृथ्वीचा आकार शोधायचा होता.

प्रश्न जुनाच होता. १७३६ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ मोपर्त्युई आर्क्टिक वृत्ताजवळच्या लॅपलँडला गेले. अक्षांशाचा एक अंश जमिनीवर किती लांब भरतो, हे त्यांनी मोजलं. तो फ्रान्समधल्यापेक्षा जास्त भरला, म्हणजे पृथ्वी ध्रुवांकडे चपटी आहे. पण नेमकी किती? त्यासाठी दक्षिणेकडच्या मुलखातही लांब पल्ल्याची मोजणी हवी होती.

ती १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू झाली. १०० फुटी पोलादी साखळीने सुमारे १२ किलोमीटरची एक रेषा मोजायला ५७ दिवस लागले. पुढचं काम कोनांचं. रेषेच्या दोन्ही टोकांवरून दूरची टेकडी पाहून कोन मोजायचे, की तिचं अंतर गणिताने निघतं. एका त्रिकोणाला दुसरा जोडत पुढे सरकायचं.

कोन मोजायचा थिओडोलाइट होता अर्ध्या टनाचा. १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिरावर चढवताना दोर तुटून तो आदळला. लॅम्बटन यांनी सहा आठवडे खपून तो स्वतः दुरुस्त केला.

कन्याकुमारीच्या टोकापासून जोडत आणलेली त्रिकोणांची ही माळ अखेर वऱ्हाडात पोचली. सर्वेक्षणाच्या नोंदीत तिथल्या ठाण्याचं नाव आहे टाकलखेडा, अक्षांश २१ अंश ६ मिनिटं. म्हणजे अमरावती आणि अचलपूरच्या मधला पट्टा. एव्हाना सुमारे १,४०० किलोमीटरची मोजणी झाली होती आणि लॅम्बटन सत्तरीला आले होते. हैदराबादहून नागपूरला जाताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला त्यांचं निधन झालं. तिथेच त्यांना पुरलं.

त्यांचे सहायक जॉर्ज एव्हरेस्ट यांनी टाकलखेड्यापासून पुढे काम उचललं आणि माळ हिमालयाच्या पायथ्याशी नेली. १८६५ मध्ये शिखराला एव्हरेस्ट यांचं नाव मिळालं. निम्म्याहून जास्त वाट मोजून देणाऱ्या लॅम्बटन यांची खूण मात्र आपल्याकडे आहे, हिंगणघाटच्या मातीत.