मुरुड फंड आणि अण्णा कर्वे

हर्णे बंदरावर मासळीचा लिलाव बघायला गेलेला माणूस पुढे मुरुडला जातोच. हर्णेच्या शेजारचं हे गाव महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं. अण्णांना आपण ओळखतो ते स्त्रीशिक्षणामुळे. पण त्यांच्या सार्वजनिक कामाची सुरुवात आपल्या या किनारपट्टीवरच्या गावासाठी झाली, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

त्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी खेड तालुक्यातल्या शेरवलीला, आजोळी झाला. मुरुडच्या घरची परिस्थिती बेताची. गावातले शिक्षक सोमण गुरुजी यांच्यामुळे पोराला लोकांच्या कामाची गोडी लागली. ज्यांना वाचता येत नाही त्यांना देवळात बसून वर्तमानपत्र वाचून दाखवायचं, हे त्यांचं पहिलं काम. त्याला ना पैसा लागला, ना कमिटी. १८७५ साली परीक्षेसाठी ते भर पावसात घाट चढून पायी साताऱ्याला गेले. तिथे वयाने लहान दिसतो म्हणून परत पाठवलं. तरी गडी खचला नाही. १८८४ साली मुंबईत बी. ए. झाले.

शिकवण्या करून पोट भरू लागल्यावर त्यांनी १८८६ मध्ये मुरुड फंड काढला. कल्पना साधी होती. गावाबाहेर कमावणाऱ्या मुरुडकरांनी आपल्या कमाईतला थोडा वाटा नेमाने गावासाठी काढायचा आणि त्यातून गावाच्या सोयी करायच्या. एखाद्या धनिकाच्या देणगीची वाट बघत बसायचं नाही.

पुढे याच गावाने त्यांना वाळीत टाकलं. पहिली पत्नी वारल्यावर ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी पुण्यात विधवेशी लग्न केलं. गावाची सभा भरली, बहिष्काराचा ठराव झाला. त्यांना घरात घेतलं तर घरच्यांवरही बहिष्कार, अशी वेळ आली. आईच्या घरी मुक्काम करणं मुश्कील झालं. दुसरा कुणी असता तर लोकांच्या कामाला त्याने कायमचा रामराम ठोकला असता. अण्णा भांडत बसले नाहीत आणि काम सोडलंही नाही. १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. आश्रम १९०० साली पुण्याजवळ हिंगण्याला गेला, तेव्हा कॉलेजचं शिकवणं उरकून ते तिथवर पायी जात. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभं राहिलं.

शेतकरी बंधूंनी ध्यानात ठेवावं असं काम त्यांनी ७८ व्या वर्षी केलं. १९३६ साली शाळा नसलेल्या खेड्यांसाठी त्यांनी महाराष्ट्र ग्रामप्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केलं. पेन्शन महिना ७० रुपये, त्यातले १५ रुपये पहिल्यांदा स्वतःचे घातले आणि मगच लोकांपुढे हात पसरला. म्हणजे मुरुड फंडाचीच रीत. १९५८ साली, वयाच्या शंभरीत, त्यांना भारतरत्न मिळालं. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी ते गेले.

आजही कोकणातल्या गावांचे चाकरमानी मुंबईला आहेत. देवळासाठी, शिमग्यासाठी पैसे येतात, चांगलंच आहे. पण शाळेचं छप्पर, पाणंद, विहिरीचा गाळ यासाठी मात्र सरकारी मंजुरीची वाट बघितली जाते. पंचायतीच्या माणसांनी येत्या ग्रामसभेत एक विषय जरूर घ्यावा : गावाचा फंड. रक्कम लहान असली तरी चालेल. दर महिन्याला यावी, हिशेब चावडीवर लागावा आणि पहिला रुपया विषय मांडणाऱ्याने टाकावा.