तोफ फसली, कारखाना उभा राहिला

नॉर्वेमध्ये १९९४ पासून सुमारे दोन तपे चलनात असलेल्या २०० क्रोनरच्या नोटेवर चष्मा लावलेल्या, टक्कल पडलेल्या एका प्राध्यापकाचे चित्र होते. क्रिस्तियान बिर्केलांड हे त्यांचे नाव. ध्रुवप्रकाशाचे कोडे उलगडणारा शास्त्रज्ञ आणि हवेतील नत्रापासून खत बनवण्याच्या उद्योगाचा एक जनक म्हणून त्यांचा देश त्यांना ओळखतो. मात्र ज्या यंत्रासाठी त्यांनी ऐन उमेदीत कंपनी काढली, लोकांचे पैसे गुंतवले आणि भरसभेत स्वतःची फजिती करून घेतली, ते यंत्र त्या नोटेवर नाही. ते यंत्र म्हणजे विजेवर चालणारी तोफ. आजची नौदले ज्या रेलगनच्या मागे लागली आहेत, तिच्या घराण्यातील ही फार जुनी तोफ.

बिर्केलांड यांचा जन्म १३ डिसेंबर १८६७ रोजी ख्रिस्तियानिया येथे, म्हणजे आजच्या ऑस्लोत झाला. गणित आणि चुंबकत्व या दोन विषयांनी त्यांना शाळकरी वयातच पकडले. पुढे पॅरिसमध्ये आंरी प्वांकारे आणि बॉनमध्ये हाइनरिश हर्ट्झ अशा दिग्गजांच्या सहवासात त्यांचे शिक्षण झाले. मॅक्सवेलच्या समीकरणांवरील त्यांचे गणिती काम १८९५ साली प्रसिद्ध झाले आणि तिशीच्या उंबरठ्यावरच ते ख्रिस्तियानिया विद्यापीठात प्राध्यापक झाले. केवळ गणितात रमले असते, तरी त्यांचे आयुष्य सुखाने गेले असते.

परंतु त्यांना उत्तरेच्या आकाशात नाचणाऱ्या हिरव्या-तांबड्या प्रकाशाचे वेड लागले होते. निर्वात नळीतून जाणारे कॅथोड किरण चुंबकाजवळ आणले की एका बिंदूकडे खेचले जातात, हे त्यांनी प्रयोगात पाहिले होते. सूर्याकडूनही असेच विद्युतभारित कण येत असतील आणि पृथ्वीचे चुंबकत्व त्यांना ध्रुवांकडे वळवत असेल, हा विचार त्यांनी १८९६ साली मांडला. तो सिद्ध करायचा तर ध्रुवप्रदेशात जाऊन मोजमापे घेणे भाग होते. उत्तर नॉर्वेतील हाल्दे पर्वतावर त्यांनी १८९९ साली दगडी वेधशाळा उभारली आणि भर हिवाळ्यात तेथे मुक्काम ठोकला. त्या मोहिमेत बर्फाचा कडा कोसळून त्यांचा एक तरुण सहकारी मृत्युमुखी पडला. तरीही १९०२-०३ मध्ये त्यांनी आणखी मोठी मोहीम आखली. उत्तर नॉर्वे, आइसलँड, स्पिट्सबर्गेन आणि नोवाया झेम्ल्या अशा चार ठिकाणी एकाच वेळी निरीक्षणे घ्यायची होती. त्यांच्या जोडीला त्यांनी जगभरच्या वेधशाळांच्या चुंबकीय नोंदी मागवल्या. त्यांत मुंबईच्या कुलाबा वेधशाळेच्या नोंदीही होत्या. विजेच्या ट्रामगाड्यांचा त्रास होईल म्हणून ते काम लवकरच, १९०४ साली, अलिबागला हलवले गेले.

अशा मोहिमांना पैसा लागतो. संसदेने दिलेली रक्कम अपुरी पडे. संशोधनासाठी लोकांपुढे हात पसरण्यापेक्षा आपल्याच विद्येतून पैसा उभा करावा, असे बिर्केलांड यांनी ठरवले. त्या काळी युरोपात सर्वांत खपाऊ वस्तू कोणती, याचे उत्तर शोधायला फार दूर जावे लागत नव्हते. बड्या सत्तांमध्ये युद्धनौका बांधण्याची चढाओढ लागली होती. स्वीडनशी असलेल्या संयुक्त राज्यातून बाहेर पडण्याच्या खटपटीत असलेल्या नॉर्वेतही संरक्षणाचा प्रश्न ऐरणीवर होता. बिर्केलांड तोफेकडे वळले ते असे.

कल्पना देखणी होती. तांब्याच्या तारेचे वेटोळे करून त्यातून वीज सोडली की ते चुंबक बनते आणि लोखंडाला आत ओढते. अशी अनेक वेटोळी एकापुढे एक मांडली, गोळा ज्या वेटोळ्यातून पुढे सरकेल त्याची वीज लगेच तोडली, तर गोळा मागे न खेचला जाता प्रत्येक टप्प्यावर अधिक वेग घेत जाईल. बारूद नको, धूर नको, कानठळ्या बसवणारा आवाज नको. जहाजाच्या पोटात स्फोटक दारूचे कोठार बाळगण्याचा धोकाही नको. नौदलांना आजही या शस्त्राचा मोह पडतो, त्यामागे हेच शेवटचे कारण मोठे आहे.

त्यांच्या पहिल्या छोट्या नमुन्याने अर्धा किलोचा गोळा सेकंदाला सुमारे ५० मीटर वेगाने फेकला. सप्टेंबर १९०१ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. अभियंता, उद्योजक आणि पुढे नॉर्वेचे पंतप्रधान झालेले गुन्नार क्नुडसेन यांच्यासारख्या भागीदारांसह कंपनी स्थापन झाली. मोठी तोफ तयार झाली. तिच्या नळीचा व्यास ६५ मिलिमीटर, गोळा १० किलोचा आणि वेटोळ्यांतून वाहणारी वीज सुमारे १० हजार अँपिअर.

येथे थोडे गणित मांडणे गरजेचे आहे. या तोफेकडून अपेक्षित वेग सेकंदाला सुमारे १०० मीटर होता. तेव्हाच्या आरमारी तोफा बारुदाच्या जोरावर सेकंदाला ७००-८०० मीटर वेगाने गोळे फेकत असत. वेग आठपट करायचा तर ऊर्जा चौसष्टपट लागते. युद्धनौकेच्या गोळ्याचे वजन तर कित्येक पटींनी जास्त. एवढी वीज क्षणभरात पुरवणारे साधन त्या काळी कोणत्याही जहाजावर नव्हते, बहुतेक शहरांतही नव्हते. बिर्केलांड यांच्यासारख्या गणितज्ञाला हे कळत नव्हते, असे म्हणवत नाही. तत्त्व सिद्ध झाले की यंत्रे मागोमाग येतील, हा त्यांचा विश्वास होता. संशोधकांना असा विश्वास शोभतो. भागधारकांना तो महागात पडतो.

१९०३ च्या सुरुवातीला विद्यापीठाच्या समारंभ सभागृहात तोफेचा जाहीर प्रयोग ठेवण्यात आला. शहरातील प्रतिष्ठित मंडळी, शास्त्रज्ञ, अधिकारी आणि शस्त्रास्त्र कारखान्यांचे प्रतिनिधी निमंत्रणावरून आले होते. सभागृहाच्या एका टोकाला तोफ, दुसऱ्या टोकाला जाड लाकडी फळ्यांचे लक्ष्य आणि मधला गोळ्याचा मार्ग मोकळा ठेवून दोन्ही बाजूंना प्रेक्षक, अशी मांडणी होती. आधीच्या चाचण्या सुरळीत झाल्या होत्या. बिर्केलांड यांनी तत्त्व समजावून सांगितले, ही तोफ आवाज करणार नाही असे आश्वासन दिले आणि कळ दाबली.

क्षणात शॉर्ट सर्किट झाले. डोळे दिपवणारा लोळ उठला, कर्णकर्कश कडकडाट झाला आणि तोफेच्या तोंडातून ज्वाळा बाहेर पडली. बायका किंचाळल्या, पुरुष खुर्च्या सोडून पळाले, सभागृहात काही काळ नुसता गोंधळ माजला. गोळा मात्र सरळ जाऊन लक्ष्यावर आदळला होता. तिकडे पाहण्याच्या मनःस्थितीत कोणी नव्हते. आपल्या त्या एका बाराने कंपनीच्या समभागाची किंमत तीनशेवरून शून्यावर आणली, असे बिर्केलांड पुढे स्वतःच हसत सांगत असत.

नेमके काय बिघडले? वेटोळ्यातील वीज तोडणे हा या तोफेचा प्राण, आणि तेच तिचे दुखणे. हजारो अँपिअरचा प्रवाह एकाएकी तोडू गेले की तो मुकाट्याने थांबत नाही. तुटलेल्या जागी हवेतून उडी घेतो आणि हजारो अंशांची विद्युतज्योत पेटते. त्यातही ही ज्योत चुंबकीय क्षेत्रात सापडली की पंख्यासारखी पसरते. बिर्केलांड यांनी हा प्रकार प्रयोगशाळेत अनेकदा पाहिला होता. तोफेच्या दृष्टीने तो केवळ उपद्रव होता.

त्याच दिवसांत, १३ फेब्रुवारी १९०३ रोजी, क्नुडसेन यांच्या घरच्या मेजवानीत बिर्केलांड यांची गाठ साम एडे या अभियंत्याशी पडली. एडे यांनी नॉर्वेतील मोठमोठ्या धबधब्यांचे हक्क मिळवले होते, पण त्या विजेचे करायचे काय, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. युरोपची शेती चिलीहून येणाऱ्या सोऱ्यावर अवलंबून होती आणि तो साठा संपला तर गव्हाचे काय, असा इशारा इंग्रज रसायनशास्त्रज्ञ विल्यम क्रूक्स यांनी १८९८ सालीच दिला होता. हवेतील नत्र जाळून खत करायचे, तर आभाळातल्या विजेसारखी प्रचंड ठिणगी हवी, असे एडे म्हणाले. ती आपण देऊ शकतो, असे बिर्केलांड यांनी जागच्या जागी सांगितले. आठवडाभरात पेटंटचा अर्ज दाखलही झाला.

तोफेचा उपद्रव भट्टीचा गाभा बनला. चुंबकाच्या साहाय्याने विद्युतज्योत पसरवून तिची सुमारे दोन मीटर व्यासाची धगधगती चकती करायची आणि तिच्यातून हवा वेगाने न्यायची. सुमारे ३ हजार अंश तापमानात नत्र आणि प्राणवायू यांचा संयोग होतो. त्या वायूपासून नत्राम्ल आणि त्यापासून चुन्याच्या मदतीने खत. भट्टीतून जाणाऱ्या हवेपैकी जेमतेम एक-दोन टक्केच कामी येई आणि वीज अफाट लागे. पण धबधब्यांची वीज स्वस्त होती. १९०५ मध्ये नोटोडेन येथे कारखाना सुरू झाला आणि त्याच वर्षी २ डिसेंबरला स्वीडिश व फ्रेंच भांडवलावर नॉर्स्क हायड्रो ही कंपनी स्थापन झाली. ही कंपनी आजही जगात नाव राखून आहे. हाबर-बॉश प्रक्रिया स्वस्त पडू लागल्यावर पुढील दोन-तीन दशकांत ही भट्टी मागे पडली, पण तोपर्यंत तिने आपले काम केले होते.

एडे धूर्त व्यवहारी होते आणि बिर्केलांड तसे नव्हते. कारभाराची सूत्रे आणि लौकिक एडे यांच्याकडे गेला. बिर्केलांड यांच्या वाट्याला पैसा आला, आणि त्यांना हवा होता तो तेवढाच. नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव अनेकदा सुचवले गेले, पण ते कधीच मिळाले नाही.

हाती आलेला पैसा त्यांनी पुन्हा आकाशावर खर्च केला. काचेच्या भिंतींच्या मोठ्या निर्वात पेटीत त्यांनी चुंबकीय गोल टांगला. कॅथोड किरण सोडताच त्या छोट्या पृथ्वीच्या दोन्ही ध्रुवांभोवती प्रकाशाची कडी उमटली. ध्रुवप्रकाश प्रयोगशाळेत उतरला होता. परंतु या कामाची किंमत शरीराने दिली. रात्रंदिवस काम आणि तीव्र निद्रानाश यांनी त्यांना पोखरले. १९०५ साली केलेला विवाह १९११ मध्ये संपुष्टात आला. झोपेसाठी व्हेरोनाल हे औषध आणि व्हिस्की यांचे प्रमाण वाढत गेले. राशिचक्र प्रकाशाच्या अभ्यासासाठी ते १९१३ मध्ये इजिप्तला गेले आणि महायुद्धाने तेथेच अडकले. तोफेच्या रहस्यासाठी इंग्रज हेर आपल्या मागावर आहेत, या संशयाने त्यांना तेथे घेरले. शंभर मीटर वेगाच्या त्या तोफेपासून इंग्रजांना घेण्यासारखे काय उरले होते, हा प्रश्न थकलेल्या मनाला पडत नसतो. १९१७ मध्ये पूर्वेकडून वळसा घालून मायदेशी परतण्यासाठी ते निघाले, जपानी सहकाऱ्यांना भेटण्यासाठी टोकियोत थांबले आणि तेथील हॉटेलच्या खोलीत १५ जून १९१७ रोजी मृतावस्थेत आढळले. नेहमीच्या अर्ध्या ग्रॅमऐवजी त्यांनी सुमारे १० ग्रॅम व्हेरोनाल घेतले होते. वय ४९ वर्षे.

विजेच्या तोफेचे स्वप्न त्यांच्याबरोबर संपले नाही. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस फ्रान्समध्ये आणि दुसऱ्या महायुद्धात जर्मनीत तिचे दुसरे रूप पुढे आले. त्यात वेटोळ्यांऐवजी धातूचे दोन समांतर रूळ असतात आणि त्यांना जोडणाऱ्या सरकत्या वाहकातून लाखो अँपिअर वीज गेली की गोळा पुढे भिरकावला जातो. हीच रेलगन. अमेरिकी नौदलाने डिसेंबर २०१० मध्ये व्हर्जिनियातील डालग्रेन येथे ३३ मेगाज्यूल ऊर्जेचा बार काढला. बिर्केलांड यांच्या तोफेच्या तुलनेत ही ऊर्जा सहाशेहून अधिक पट होते. ध्वनीच्या सुमारे सातपट वेग आणि १०० सागरी मैलांपलीकडचा पल्ला हे उद्दिष्ट होते. क्षेपणास्त्राच्या मानाने गोळा अगदी स्वस्त आणि बारुदाचे कोठार नाही, असा हिशेब होता. पण रूळ उष्णतेने आणि विद्युतज्योतीने झिजत, सलग मारा करणे अवघड जाई आणि ती वीज पुरवू शकणारी जहाजे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. २०२१ मध्ये अमेरिकेने हा कार्यक्रम थांबवला. ऑक्टोबर २०२३ मध्ये जपानने मात्र आसुका या चाचणी-नौकेवरून समुद्रात रेलगन डागून दाखवली.

बिर्केलांड यांच्या मूळ स्वप्नाचा निकाल त्याआधीच लागला होता. सूर्याच्या कणांचे प्रवाह पृथ्वीच्या चुंबकीय रेषांवरून ध्रुवांकडे येतात, हे त्यांचे म्हणणे सिडनी चॅपमन यांच्यासारख्या मान्यवरांनी दीर्घकाळ अमान्य केले होते. १९६० आणि ७० च्या दशकांत कृत्रिम उपग्रहांवरील चुंबकमापकांनी ते प्रवाह प्रत्यक्ष टिपले. शास्त्रज्ञ त्यांना आता बिर्केलांड प्रवाह म्हणतात. त्यांची तोफ ऑस्लोच्या तंत्रविज्ञान संग्रहालयात ठेवलेली आहे.