रविवारची सुट्टी मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे



आज रविवार. मिस्सा आटोपून हे पत्रक हाती घेऊन आपण घरी जाल, मुलाबाळांबरोबर जेवाल, जमल्यास दुपारी थोडे पडाल. ही सुट्टी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की ती कोणीतरी झगडून मिळवली असेल, असे मनातही येत नाही. राज्यकर्ते इंग्रज ख्रिस्ती होते, म्हणून रविवार मिळाला, असे आपण समजतो. मुंबईच्या गिरणी कामगारांच्या बाबतीत ते खरे नाही. त्यांना रविवार मिळाला तो १० जून १८९० रोजी, आणि तो मिळवून देण्यात मोठा वाटा होता महात्मा फुले यांच्या एका अनुयायाचा. त्यांचे नाव नारायण मेघाजी लोखंडे.

लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाण्यात झाला. मुंबईहून पहिली आगगाडी १८५३ साली ठाण्याला आली, तेव्हा ते पाच वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी मुंबईत कापडगिरणीची पहिली कंपनी निघाली आणि १८५६ पासून ताडदेवला सूत निघू लागले. घाटावरून आणि कोकणातून माणसे पोटासाठी मुंबईत येऊ लागली. लोखंडे यांनी शिक्षणानंतर रेल्वेत आणि टपाल खात्यात नोकरी केली. नंतर मांडवी येथील एका कापडगिरणीत ते स्टोअरकीपर झाले. त्यांचे काम लेखणीचे होते, साच्यावरचे नव्हते. पण भोंगा वाजल्यावर आत जाणारी आणि अंधार पडल्यावर बाहेर येणारी माणसे ते रोज पाहत होते.

त्या काळी गिरणीत विजेचे दिवे नव्हते. सूर्य उगवला की यंत्र सुरू आणि मावळला की बंद, असा नियम होता. म्हणजे उन्हाळ्यात तेरा-चौदा तास काम. आत वाफेचा दमटपणा, कानठळ्या बसवणारा आवाज आणि श्वासाबरोबर छातीत जाणारे कापसाचे तंतू. सणांचे मोजके दिवस सोडले तर आठवड्याची सुट्टी नव्हती. रविवारी गिरणी बंद राहिली तरी कामगारांना यंत्रे साफ करण्यासाठी बोलावले जाई, आणि त्यात अर्धा दिवस जाई. यंत्राला आठवड्यातून एकदा पुसूनपासून तेल घालावे लागते, हे मालकांना पटले होते. यंत्र चालवणाऱ्यालाही असा एक दिवस लागतो, हे मात्र पटले नव्हते. पगार महिना-महिना थकत असे, त्यामुळे घरखर्चासाठी सावकाराकडे जाणे आलेच. यंत्रात हात सापडला तर उपचार ज्याचे त्याने पाहायचे.

लोखंडे १८७४ पासून सत्यशोधक समाजाच्या मुंबईतील कार्यात होते. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात सुरू केलेले ‘दीनबंधु’ हे पत्र १८८० साली त्यांनी मुंबईत आणून स्वतः चालवायला घेतले. त्यासाठी गिरणीतील पगाराची नोकरी सोडली. ज्यांना वाचता येत नव्हते, अशा कामगारांची बाजू त्यांनी त्या पत्रातून मांडली.

१८८१ साली पहिला कारखाने कायदा झाला. त्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी केली आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी नऊ तासांची मर्यादा घातली. मोठ्या स्त्री-पुरुषांसाठी त्यात काहीच नव्हते. १८८४ साली मुंबई सरकारने या प्रश्नावर आयोग नेमला, तेव्हा लोखंडे यांनी २३ सप्टेंबर रोजी परळला कामगारांची सभा भरवली. तेथे ठरलेल्या निवेदनावर सुमारे साडेपाच हजार कामगारांनी सह्या आणि अंगठे केले. मागण्या साध्या होत्या. आठवड्यातून एक दिवस, रविवार, पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास विसावा. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत हाती पडावा. कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत वेतन आणि कायमचा अधू झालेल्यास निर्वाहाची सोय.

ही यादी लक्षपूर्वक वाचावी. विसावा, ठरावीक वेळ, वेळेवर पगार आणि संकटात आधार. माणूस केवळ कामाच्या ओझ्याने खचत नाही. काम कधी संपेल हे ठाऊक नसले, पैसे कधी मिळतील हे ठाऊक नसले आणि आपण पडलो तर कोण उचलेल हेही ठाऊक नसले, म्हणजे तो आतून मोडतो. लोखंडे यांना हे १८८४ साली उमगले होते. ‘बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन’ या नावाने ते कामगारांच्या वतीने बोलत. भारतातील कामगार चळवळीचा आरंभ तेथून मानला जातो.

विरोधही झाला. मालकांचे म्हणणे असे की, हे कायदे लँकेशायरच्या कापड कारखानदारांना हवे आहेत; हिंदी गिरण्यांचे हातपाय बांधले की त्यांचा माल येथे खपेल. त्यात तथ्य नव्हते असे नाही. देशाभिमानी म्हणवणारी अनेक वृत्तपत्रेही मालकांच्या बाजूने उभी राहिली. लोखंडे यांची भूमिका वेगळी होती. देशी उद्योग वाढावा, पण त्याची किंमत देशी कामगाराच्या देहाने का चुकवावी? सोराबजी शापूरजी बंगाली या पारशी गृहस्थांनीही कामगारांच्या बाजूने कायद्याचा आग्रह धरला होता. प्रश्न धर्माचा किंवा जातीचा नव्हता, हे यावरून दिसते.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्री कामगारही बोलल्या. रविवारच्या सुट्टीची मागणी मालकांच्या संघटनेकडे पाठवण्यात आली आणि १० जून रोजी संघटनेने ती मान्य केली. त्याच वर्षी भारत सरकारने नेमलेल्या आयोगाच्या मुंबईतील कामात लोखंडे यांना सहभागी करून घेण्यात आले. पुढे १८९१ च्या कायद्याने आठवड्याची सुट्टी आणि दुपारचा विसावा सर्वांसाठी बंधनकारक झाला. स्त्रियांसाठी कामाची मर्यादा अकरा तासांची ठरली. पुरुषांच्या तासांना मात्र मर्यादा नव्हतीच. ती येण्यास १९११ साल उजाडले.

त्याच १८९१ साली, मे महिन्यात, पोप तेरावे लिओ यांनी ‘रेरूम नोव्हारूम’ हे परिपत्रक प्रसिद्ध केले. कामगाराला साधन म्हणून वापरणे हा त्याच्या मानवी प्रतिष्ठेचा अपमान आहे आणि विश्रांतीचा दिवस हा त्याचा हक्क आहे, अशी शिकवण त्यात आहे. परळच्या कामगारांचे निवेदन त्याहून सात वर्षे जुने. आपल्यासाठी रविवार प्रभूचा दिवस. त्या कामगारांपैकी अनेकांसाठी तो जेजुरीच्या खंडोबाचा वार. माणसाला विश्रांती हवी, हे सत्य दोन्हीकडच्यांना ठाऊक होते.

१८९३ च्या हिंदू-मुसलमान दंग्यानंतर सलोख्यासाठी लोखंडे झटले. सरकारने त्यांना रावबहादूर ही पदवी दिली. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत प्लेग आला. त्याचा पहिला रुग्ण मूळ गोव्याचे डॉ. आकासियो व्हिएगस यांनी ओळखला तो मांडवीतच, जेथे लोखंडे यांनी नोकरी केली होती. लोक शहर सोडून पळत असताना लोखंडे रुग्णांच्या शुश्रूषेच्या कामात राहिले. तोच रोग त्यांना झाला आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी, वयाच्या पन्नाशीच्या आत, त्यांचे निधन झाले. २००५ साली त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट निघाले.

आज गिरण्यांची जागा कार्यालयांनी आणि मॉलनी घेतली आहे. आपल्यातील कितीतरी जण पहाटेची लोकल पकडतात आणि रात्री उशिरा परततात. रविवारीही मोबाईलवर साहेबांचा निरोप येतो. कामाच्या सततच्या ताणाने येणारा गळाठा, कामाविषयी वाटणारा तिटकारा आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना, याला आज ‘बर्नआऊट’ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली त्याची नोंद कामाशी निगडित अवस्था म्हणून केली. यावर उपाय म्हणून नोकरदाराला व्यायाम, ध्यान, छंद सुचवले जातात. ते चांगलेच आहेत. पण एकट्या कामगाराने रविवारी घरी बसायचे ठरवले असते, तर सोमवारी त्याची जागा दुसऱ्याला मिळाली असती. विश्रांती सर्वांना मिळून मागावी लागली आणि कामाच्या नियमात बसवावी लागली, तेव्हा कुठे ती प्रत्येकाला घेता आली.

आणखी एक गोष्ट. विश्रांती घेतलेला माणूस अधिक काम करतो, म्हणून त्याला सुट्टी द्यावी, असे काही जण सांगतात. तसे होतही असेल. पण केवळ तेवढ्यासाठी दिलेली विश्रांती म्हणजे यंत्राला घातलेले तेल होय. शब्बाथाच्या आज्ञेत घरच्या मालकाबरोबर दास, दासी, परदेशी आणि बैल-गाढव यांचाही विसावा सांगितला आहे. त्यांनी दुसऱ्या दिवशी जास्त राबावे, अशी अट तेथे नाही.

आपल्यापैकी काही जण नोकरी करतात, तर काही जण दुसऱ्यांना नोकरीवर ठेवतात. घरी धुणीभांडी करणाऱ्या ताईला आठवड्याची सुट्टी मिळते का? दुकानातल्या पोराला, गाडीच्या चालकाला, वाडीत पाणी लावणाऱ्या गड्याला? चर्चच्या आणि शाळेच्या आवारात झाडू मारणाऱ्याला? त्यांचा पगार ठरल्या दिवशी होतो का, आणि ते आजारी पडले तर तो कापला जातो का? १८८४ च्या त्या निवेदनातील मागण्या याच होत्या. आज दुपारी जेवायला बसल्यावर घरच्यांशी याविषयी जरूर बोलावे, आणि ज्यांचा रविवार आपल्या हातात आहे त्यांना तो द्यावा.