उद्योगमहर्षी शेठ वालचंद हिराचंद

सोलापूरच्या ज्या सुपुत्रांनी आपल्या नगरीचे नाव देशभर नेले, त्यांत शेठ वालचंद हिराचंद दोशी यांचे स्थान अग्रगण्य आहे. दि. 23 नोव्हेंबर 1882 रोजी सोलापुरातील प्रतिष्ठित दिगंबर जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. जन्मानंतर अल्पावधीतच ते मातृसुखास पारखे झाले. वडील शेठ हिराचंद नेमचंद हे धर्मनिष्ठ व समाजसुधारक गृहस्थ असून ‘जैन बोधक’ मासिकाचे संस्थापक होते.

कापसाचा व्यापार व सावकारी हा घराण्याचा व्यवसाय. मात्र वालचंद यांचे मन पेढीवर रमले नाही. महाविद्यालयीन शिक्षण अपुरे सोडून त्यांनी रेल्वेतील माजी कारकून लक्ष्मणराव फाटक यांच्यासह ठेकेदारी सुरू केली. बार्शी लाइट रेल्वेच्या विस्ताराचे काम हा त्यांचा पहिला ठेका. त्या काळी मोठ्या बांधकामांवर इंग्रज कंपन्यांचे वर्चस्व होते. काम बिघडल्यास भांडवल व पत दोन्ही गमावण्याचा धोका होता. वालचंद यांच्यापाशी अभियंत्याची पदवी नव्हती. परंतु गुणी माणसे पारखून त्यांच्यावर जबाबदारी सोपविण्याची विलक्षण हातोटी होती.

1926 मध्ये त्यांनी पुढे हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन या नावाने प्रसिद्ध झालेली कंपनी स्थापन केली. मुंबई-पुणे लोहमार्गावरील बोरघाटातील बोगदे हे तिचे गाजलेले काम. तानसा तलावाचे पाणी मुंबईस आणणाऱ्या जलवाहिनीच्या कामातही त्यांचा वाटा होता. 1926 मध्येच त्यांनी इंडियन ह्यूम पाइप कंपनी सुरू केली. साचा वेगाने फिरवून काँक्रीट त्याच्या भिंतीवर घट्ट बसविण्याच्या पद्धतीने तयार होणारे हे नळ पाणीपुरवठा व सांडपाण्याच्या योजनांस उपयुक्त ठरले. नागरिकांच्या दृष्टीस न पडणारे, परंतु नगराचे आरोग्य राखणारे असे हे कार्य होय.

त्यांची झेप एवढ्यावरच थांबली नाही. 1919 मध्ये सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ ही बोट मुंबईहून इंग्लंडला निघाली. तो 5 एप्रिल हा दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. 1940 मध्ये बंगळूर येथे विमानांचा व 1941 मध्ये विशाखापट्टणम येथे जहाजबांधणीचा कारखाना त्यांच्या पुढाकाराने उभा राहिला. विमान कारखान्यातील त्यांचा हिस्सा सरकारने 1942 मध्ये विकत घेतला आणि गोदीची बहुतांश मालकीही 1952 मध्ये सरकारकडे गेली. स्वकष्टाने उभारलेले असे दोन प्रकल्प त्यांच्या हयातीतच दुसऱ्यांच्या हाती गेले. तथापि ते राष्ट्राच्या उपयोगी पडत राहिले, हीच त्यांच्या दूरदृष्टीची साक्ष होय.

अखेरच्या वर्षांत ते आजाराने जर्जर झाले. पत्नी कस्तुरबाई यांनी त्यांची निष्ठेने शुश्रूषा केली. दि. 8 एप्रिल 1953 रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे देहावसान झाले.

सांगलीचे अभियांत्रिकी महाविद्यालय व 1983 मध्ये सोलापुरात स्थापन झालेली वालचंद तंत्रशिक्षण संस्था त्यांचे नाव अभिमानाने मिरवीत आहेत. स्वतः पदवी न मिळविलेल्या या कर्मवीराच्या नावाने हजारो तरुण अभियंते घडावेत, याहून उचित स्मारक कोणते? संपत्तीचा संचय करण्यापेक्षा ती लोकोपयोगी निर्मितीत गुंतविण्याचा त्यांचा आदर्श समाजातील तरुण पिढीने डोळ्यांसमोर ठेवावा, हीच त्यांना खरी आदरांजली ठरेल.