ऑलिम्पिकचं पदक आणि फौजदाराची नोकरी

सकाळी साडेपाचला बुलढाण्यातल्या कुठल्याही मोकळ्या मैदानावर जाऊन बघा. पोलीस भरतीची पोरं-पोरी पळताना दिसतील. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय सगळ्यांना १०० मीटर आणि गोळाफेक. एक जण मोबाइलवर वेळ लावून उभा, बाकीचे घामाघूम. यातलेच काही जण संध्याकाळी जिममध्ये टायर उलटवतात, जाड दोर आपटतात, केटलबेल फिरवतात. याला म्हणतात फंक्शनल फिटनेस. नुसते दंड फुगवायचे नाहीत, तर ओढणं, ढकलणं, उचलणं, चढणं, पळणं यासाठी सगळं अंग एकत्र तयार करायचं. आता त्याच्या स्पर्धा होतात, कोच असतात. रील्सचं तर विचारूच नका.

आपल्या आजोबांना यातलं निम्मं दुसऱ्या नावांनी माहीत होतं. जोर, बैठका, सपाट्या, मुद्गल, मलखांब, दोर. आपल्या विभागातल्या अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून हेच शिकवतंय आणि १९३६ मध्ये त्यांचं पथक भारतीय व्यायामाची प्रात्यक्षिकं करून दाखवायला थेट बर्लिनला गेलं होतं. पण आज गोष्ट सांगायचीय ती अशा एका माणसाची, जो हाच सगळा व्यायाम करून ऑलिम्पिकला गेला, पदक घेऊन आला आणि नंतर पोलिसात भरती झाला.

भरतीच्या गाईडमध्ये हा माणूस एका मार्काचा प्रश्न आहे. स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक कोणी मिळवून दिलं? उत्तर खाशाबा जाधव, १९५२, हेलसिंकी, कुस्ती, ब्राँझ. खरं सांगते, हे पान लिहायला घेईपर्यंत मलाही एवढंच माहीत होतं.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. गाव गोळेश्वर, तालुका कराड, जिल्हा सातारा. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांत खाशाबा सगळ्यात धाकटे. घरातच तालीम म्हटल्यावर लहानपणापासून लाल माती अंगाला लागली. शाळा कराडचं टिळक हायस्कूल. १९४२ च्या चळवळीत भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देणं, निरोप पोचवणं अशी कामं त्यांनी केली. तेव्हा त्यांचं वय सोळा. म्हणजे आपल्याकडं अकरावीत असतात तेवढं.

पुढं कॉलेजला कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आले. इथं एक गंमत झाली. कॉलेजच्या कुस्ती स्पर्धेत उतरायचं म्हटलं तर क्रीडा शिक्षकांनी नावच घेतलं नाही, कारण अंगानं किरकोळ दिसत होते. पैलवान म्हणजे धिप्पाड, हे डोक्यात पक्कं बसलेलं. खाशाबा थेट प्राचार्यांकडे गेले. प्राचार्य खर्डेकरांनी उतरू दिलं आणि खाशाबा एकामागून एक कुस्ती मारत गेले. हे प्राचार्य खर्डेकर लक्षात ठेवा, पुढं त्यांचं मोठं काम आहे.

१९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला खाशाबा गेले तेव्हा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. वजन गट फ्लायवेट, ५२ किलो. अडचण वेगळीच होती. आयुष्यभर मातीत खेळलेला माणूस आणि तिथं कुस्ती होती गादीवर.

हा फरक आखाड्यात न उतरलेल्यांना कळत नाही, मलाही कळत नव्हता. मातीत पाय रुततो, त्यामुळं वेग कमी आणि पकडीला, ताकदीला भाव जास्त. समोरच्याला चितपट केलं की कुस्ती संपली. गादीवर पाय झपकन सरकतो, समोरचा घोट्यापर्यंत हात घालतो, वेळ मोजून दिलेली असते आणि चितपट झालीच नाही तर पंच निकाल देतात. म्हणजे कुस्ती हे नाव सोडलं तर बराचसा खेळ नवा. तिथं रीस गार्डनर या अमेरिकन कोचनं त्यांना तयार केलं. दिवस हाताशी थोडेच होते. तरी खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला आणि अमेरिकेच्या बिली जर्निगनला हरवलं. इराणच्या मन्सूर रईसीसमोर मात्र हरले. शेवटी सहावा नंबर. 

आपण असतो तर सहाव्या नंबरवर सत्कार करून घेतले असते, स्टेटस ठेवलं असतं. खाशाबा परत आले ते पुढच्या चार वर्षांचा हिशोब डोक्यात घेऊनच. वजन गट बदलायचा, बँटमवेट म्हणजे ५७ किलोत खेळायचं. पाच किलो वाढवायचे, पण ते असे की वेग जाता कामा नये. आज यासाठी डाएटिशियन लागतो, ॲप लागतं, प्रोटीनचे डबे लागतात. त्यांच्याकडं गावचा खुराक, तालमीचा हौदा आणि वस्ताद होते. सराव आपल्याहून वरच्या वजनाच्या पैलवानांशी. एका वेळी हजारेक बैठका आणि दोन-तीनशे जोर मारायचे असं सांगतात. ढाक हा त्यांचा आवडता डाव. समोरच्याची मान, डोकं पकडून त्याला असा फेकायचा की तो सावरायच्या आत जमिनीवर. किरकोळ अंगाच्या माणसाला असाच डाव लागतो, ज्यात पाय, कंबर, खांदा सगळं एका झटक्यात कामाला लागतं. फंक्शनल म्हणतात ते हेच ना?

पण १९५२ साली हेलसिंकीच्या आधीच दोन आडकाठ्या आल्या. पहिली निवडीची. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांना मुद्दाम एक गुण कमी देऊन डावललं, अशी हकीकत सांगितली जाते. निवडलेला मल्ल निरंजन दास, ज्याला त्यांनी आधीच हरवलेलं होतं. खाशाबा गप्प बसले नाहीत. ऑलिम्पिक संघटनेचे अध्यक्ष असलेल्या पतियाळाच्या महाराजांकडं त्यांनी दाद मागितली. महाराज कुस्तीचे शौकीन. कुस्ती परत लावली गेली आणि खाशाबांनी ती काही सेकंदांत मारली, म्हणे.

दुसरी आडकाठी पैशांची, आणि हीच मोठी. १९४८ ला महाराज होते. १९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. म्हणजे जुना आश्रयदाता गेला आणि नवीन सरकारला खेळाडूला पाठवायची सवय अजून लागायची होती. हा माझा अंदाज आहे, पण मला तरी त्याशिवाय दुसरं कारण दिसत नाही. मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्या सरकारकडं मदत मागितली तर स्पर्धा झाल्यावर भेटा, अशा अर्थाचं उत्तर आलं, असं सांगतात. स्पर्धा झाल्यावर कशाला भेटायचं, हे मला अजून समजलेलं नाही.

मग गोळेश्वर आणि कराडच्या लोकांनी वर्गणी काढली. कुणी किती दिले याची यादी आपल्याकडं नाही, पण गावातली वर्गणी कशी जमते हे आपल्याला माहीत आहे. कुणाचे दहा, कुणाची पायली जोंधळे. त्यानंही भागेना. तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी आपलं राहतं घर ७००० रुपयांना गहाण ठेवलं. विद्यार्थ्यासाठी. मी हे माझ्या मैत्रिणींना सांगितलं तर एकीलाही आधी खरं वाटेना.

हेलसिंकीत बँटमवेट गटात सुरुवात जोरात झाली. कॅनडाचा एड्रियन पोलिक्वां, मेक्सिकोचा लिओनार्डो बासुर्तो, जर्मनीचा फर्डिनांड श्मिट्झ, तिघांनाही हरवलं. पुढं जपानचा शोहाची इशी समोर आला. ही कुस्ती लांबत गेली, पंधरा मिनिटांच्या आसपास, आणि खाशाबा अगदी थोडक्यात हरले. त्यानंतर लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोवशी खेळायला बोलावलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांती मिळायचा नियम होता असं म्हणतात, पण तो पंचांपुढं मांडायला भारताचा एकही अधिकारी तिथं हजर नव्हता. थकलेले खाशाबा तीही कुस्ती हरले. इशीला सुवर्ण, मामेदबेकोवला रौप्य, खाशाबांना ब्राँझ. इशीचं ते पदक त्या ऑलिम्पिकमधलं जपानचं एकमेव सुवर्ण होतं, म्हणजे गडी साधा नव्हता.

तारीख २३ जुलै १९५२. त्याच ऑलिम्पिकमध्ये हॉकी संघानंही सुवर्ण आणलं आणि देशानं जल्लोष मुख्यतः त्याचाच केला. कोल्हापूरचेच के. डी. माणगावे फेदरवेट गटात चौथे आले. त्यांचं नाव तर गाईडमध्येही नाही.

देशाचं माहीत नाही, पण कराडनं मात्र कसर ठेवली नाही. १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एरवी पंधरा-वीस मिनिटांत जायची वाट, त्या दिवशी सात तास लागले म्हणतात. आपल्याकडं पोळ्याला बैल सजवतात तसे बैल सजले असतील, असं माझ्या डोळ्यांसमोर येतं.

मिरवणूक संपल्यावर खाशाबांनी काय केलं? कोल्हापुरात कुस्त्यांचा फड लावला. स्वतः उतरले, कुस्त्या मारल्या आणि जमलेल्या पैशातून खर्डेकर सरांचं घर सोडवलं. मला या सगळ्या गोष्टीतला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो. पदकापेक्षाही.

१९५५ मध्ये खाशाबा मुंबई पोलिसात सब-इन्स्पेक्टर झाले. म्हणजे फौजदार. पहाटे मैदानावर पळणाऱ्या कितीतरी जणांचं जे स्वप्न असतं तेच. फरक इतकाच की यांच्याकडं आधीच ऑलिम्पिकचं पदक होतं. पोलीस खात्याच्या स्पर्धांत ते जिंकत राहिले, क्रीडा प्रशिक्षक म्हणूनही कामं केली. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकची तयारी चालली होती, पण गुडघा दुखावला आणि ते राहिलं. त्यानंतर परत ऑलिम्पिक नाही.

मग सुरू झाली नुसती नोकरी. वर्षामागून वर्षं गेली, बढती येईना. बरोबरचे पुढं सरकले, नंतरचे आले तेही सरकले. साधारण सत्तावीस वर्षांच्या नोकरीत निवृत्तीच्या अगदी तोंडावर ते सहायक पोलीस आयुक्त झाले. निवृत्तीनंतर पेन्शनसाठीही झगडावं लागलं. तालमीतला माणूस ऑफिसच्या फायलींपुढं काय डाव टाकणार? ढाक तिथं चालत नाही.

आज राज्यात खेळाडूंना सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे. आपल्या कॉलेजातले किती जण त्याच भरवशावर खो-खो, कबड्डी, ॲथलेटिक्सची सर्टिफिकेटं जपून ठेवतात. २०२४ ला पॅरिसमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्याच स्वप्नील कुसाळेनं नेमबाजीत ब्राँझ घेतलं. खाशाबांनंतर महाराष्ट्राला ऑलिम्पिकचं वैयक्तिक पदक मिळालं ते असं ७२ वर्षांनी. कुसाळे तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. पदक आल्या आल्या रेल्वेनं बढती जाहीर केली, राज्य सरकारनं एक कोटी रुपये. तेच खाशाबांच्या बाबतीत आठवून बघा. देशालाही दुसरं वैयक्तिक पदक मिळायला १९९६ उजाडलं, लिएंडर पेसचं टेनिसमधलं. आणि कुस्तीत पुढचं पदक थेट २००८ ला, सुशील कुमारचं.

१९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत ज्योत घेऊन धावणाऱ्यांत खाशाबांना बोलावलं होतं. म्हणजे अगदीच विसरले होते असं नाही. पण दोनच वर्षांनी, १४ ऑगस्ट १९८४ ला, रस्ते अपघातात ते गेले. वय ५८.

सन्मान यायला लागले ते त्यानंतर. राज्याचा शिवछत्रपती पुरस्कार १९९० च्या दशकात. अर्जुन पुरस्कार २००० सालचा, म्हणजे पदकानंतर ४८ वर्षांनी आणि मृत्यूनंतर १६ वर्षांनी. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव दिलं. पद्म पुरस्काराची मागणी घरच्यांनी आणि कराडकरांनी वर्षानुवर्षं लावून धरली. आता राज्यात १५ जानेवारी, त्यांचा वाढदिवस, राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी कॉलेजात कार्यक्रम असतो, फोटोला हार घालतात, एखादी रनिंगची स्पर्धा होते.

गोळेश्वरला त्यांचं घर आहे. घराचं नाव ऑलिम्पिक निवास.