पीटर क्रोपॉटकिन

संपत्ति व सत्ता ह्यांनीं समाज किडला, तर राजा, कायदा व तुरुंग हीं तिन्ही टाकून मनुष्यांनीं लहान लहान स्वायत्त वसाहती करून राहावें काय, असा वाद आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांत मधून मधून निघतो. राहावें, असें जवळजवळ ५० वर्षें सांगणारा एक रशियन सरदारपुत्र होऊन गेला. त्याचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

क्रोपॉटकिन ह्याचा जन्म १८४२ सालीं मॉस्को शहरीं झाला. वडिलांच्या मालकीचे सुमारें १,२०० भूदास होते. एके दिवशीं माकर नांवाच्या चाकरास त्यांच्या हुकमानें शंभर फटके बसले. लहानग्या पीटरनें अंधाऱ्या वाटेंत त्यास गांठून त्याचा हात चुंबण्याचा यत्न केला; पण माकरनें हात हिसडून घेतला व मोठेपणीं तूंही असाच निघशील, अशी शंका बोलून दाखविली. हा प्रसंग क्रोपॉटकिन ह्यानें पुढें आत्मचरित्रांत लिहून ठेविला आहे. बाराव्या वर्षींच त्यानें प्रिन्स ही पदवी लावणें सोडलें.

झारच्या दरबारीं हुजऱ्या म्हणून राहिल्यावर १८६२ सालीं मानाची जागा मिळत असतां ती नाकारून तो सैबेरियांत गेला. तेथें त्यानें तुरुंगांच्या व नगरांच्या सुधारणेस हात घातला. परंतु ते कागद कचेऱ्यांतच पडून राहिले. उलट, दूरच्या खेडुतांनीं कोणाच्या हुकमावांचून एकमेकांच्या साह्यानें कामें उरकलेलीं त्यानें पाहिलीं. बर्फाच्या भयानें हजारों हरणें दूरदूरच्या प्रदेशांतून एकत्र जमून अमूर नदी ओलांडतांनाही त्यानें पाहिलीं. परस्परसाह्यावरील १९०२ सालचा त्याचा ग्रंथ ह्याच अनुभवावर उभा आहे.

१८७२ सालीं स्वित्झर्लंडांतील जुरा डोंगरांत घड्याळें करणाऱ्या कारागिरांची बरोबरीची वागणूक पाहून तो अराजकवादी झाला. अराजक म्हणजे अंदाधुंदी नव्हे. सक्तीवांचून, स्वेच्छेनें केलेली व्यवस्था, असा त्याचा अर्थ होता. ह्या मतापायीं १८७४ सालीं तो रशियांत कैद झाला व १८७६ सालीं लष्करी इस्पितळांतून पळाला. फ्रान्सांतही त्यानें तुरुंगवास भोगला, आणि १८८६ नंतर इंग्लंडांत लेखणीवर पोट भरलें.

आमची एक अडचण आम्ही लपवीत नाहीं. लहान वसाहतींतही धटिंगण निघतोच. त्यास कोण आवरील? क्रोपॉटकिन ह्याची भिस्त शेजाऱ्यांच्या मतावर व चांगल्या सवयीवर होती. ज्यांनीं चाळीस मुलांचा वर्ग सांभाळला आहे, त्यांस एवढ्यानें समाधान होणें कठीण. शिवाय १९१४ च्या महायुद्धांत त्यानें स्वतःच जर्मनीविरुद्ध लढणाऱ्या सरकारांची बाजू घेतली, तेव्हां त्याचे जुने सोबती दुरावले.

परंतु १९१७ सालीं तो मायदेशीं परतला आणि देऊं केलेलें मंत्रिपद त्यानें नाकारलें. पुढें बोल्शेविकांची सत्ता आली. १९१९ सालीं तो लेनिन ह्यास भेटला, व १९२० सालीं ओलीस धरण्याच्या दुष्ट चालीविरुद्ध त्यास निर्भीडपणें पत्र लिहिलें. सत्ता गरिबांच्या नांवानें चालली, तरी ती त्याला गोड वाटली नाहीं.

८ फेब्रुवारी १९२१ रोजीं द्मित्रोव्ह गांवीं तो वारला. तेव्हां त्याच्या मताचे कांहीं लोक मॉस्कोच्या तुरुंगांत होते. त्यांपैकीं थोड्यांस, परत येण्याच्या वचनावर, अंत्ययात्रेपुरतें सोडण्यांत आलें. मूठमाती दिल्यावर ते आपल्या पायांनीं तुरुंगांत परत गेले.